घोडा बदलला तरी

"ताई, फोटो गेला, सही गेली, पण मार्कशीट काही जात नाहीये."

बदलापूर गावातल्या आमच्या अभ्यासिकेत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा बग शोधायला लागणारी सगळी माहिती त्यातच होती. मला ती ऐकू आली नाही. भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली की साइटवर गर्दी होते हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे मीही "साइट स्लो असेल, रात्री परत बघ" असं सांगून मोकळी झाले. तो मुलगा काही न बोलता रिक्षाने स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेला आणि पैसे देऊन फॉर्म भरून आला. पुढच्या आठवड्यात दोन मुलींनी तेच सांगितलं. फोटो जातो, सही जाते, मार्कशीट अडकते. तेव्हा मात्र मला फार वाईट वाटलं. साइटचा काही दोष नव्हता. दोष मी बसवलेल्या प्रॉक्सीत होता.

बदलापूर म्हटलं की लोकांना स्टेशन आणि त्याभोवतीच्या इमारती आठवतात. स्टेशन खरं तर कुळगावात आहे. नगरपरिषदेच्या नावातही दोघं आहेत, कुळगाव-बदलापूर. जुनं गाव पश्चिमेला, उल्हास नदीच्या बाजूला. तिथे माझ्या चुलत काकांचं घर आहे आणि त्या घराची माडी म्हणजे आमची अभ्यासिका. बारा टेबलं, तीन पंखे, भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि बदलापूर ते ठाणे, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली हा माझा रोजचा प्रवास थांबला. त्याआधी सोळा वर्षं मी गावात जवळपास झोपण्यापुरतीच होते. घरी बसून काम सुरू झालं तेव्हा माडीवर इंटरनेट घ्यायचं ठरलं. लाइन एक आणि माणसं बारा, वर प्रत्येकाचा फोन. एकाने व्हिडिओ लावला की बाकी अकरा जणांची पानं गोल गोल फिरत राहायची. त्यावर उपाय म्हणून मी मधे प्रॉक्सी बसवला.

कॉलेजात एकाच्या नावाने दुसरा हजेरी देतो त्याला आपण प्रॉक्सी म्हणतो. नेटवर्कमध्येही तेच. तुमच्या वतीने तो साइटशी बोलतो, आलेलं उत्तर तुम्हाला देतो. पूर्वी त्याचं मोठं काम साठवणीचं होतं. १९९४ सालीच सर्नच्या वेब सर्व्हरमध्ये ही सोय होती आणि १९९६ मध्ये स्क्विड नावाचा प्रॉक्सी आला, जो आजही चालतो. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते टेलिफोनवरून डायल करायचं. तसल्या बारीक लाइनवर एकाने उघडलेलं पान दुसऱ्याला साठवणीतून देता आलं तर केवढी बचत व्हायची. आता बहुतेक वेब कुलूपबंद झालंय. ब्राउझर प्रॉक्सीला फक्त साइटचं नाव सांगतो आणि पुढे बंद पाकिटं जात राहतात, प्रॉक्सीला आतलं दिसत नाही, त्यामुळे साठवताही येत नाही. उरलेली कामं साधी आहेत. प्रत्येकाला लाइनचा वाटा देणं, अभ्यासाच्या वेळेत व्हिडिओच्या साइट बंद ठेवणं, मुख्य लाइन तुटली तर ४जी डोंगलवर जाणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे या बाजूचे बाइट त्या बाजूला पोचवणं, एकही न सांडता.

स्क्विड आमच्या गरजेच्या मानाने फार मोठा होता. मी सी भाषेतला एक छोटा प्रॉक्सी निवडला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिहिलेला, काही हजार ओळींचा. दोन रविवारांत पूर्ण वाचून होईल एवढा. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी वापरलेली आवृत्ती जुनी होती, आणि ज्यांनी तो लिहून फुकट दिला त्यांचं माझ्यावर ऋण आहे.

तर मार्कशीट.

फोटो आणि सही लहान असतात, काही केबींच्या. स्कॅन केलेली मार्कशीट शंभर पटही मोठी असू शकते. लहान जातं, मोठं जात नाही. मुलाने हेच सांगितलं होतं. त्यात दुसरी गोष्ट अशी की डाउनलोडची तक्रार कोणाचीच नव्हती, फक्त अपलोडची होती. माडीवरच्या संगणकापासून प्रॉक्सीपर्यंतचा रस्ता वेगवान, तिथून पुढे इंटरनेटकडे चढणारा रस्ता अरुंद. म्हणजे मागून माल भराभर येतोय आणि पुढे तो सावकाश जातोय.

प्रोग्रॅम जेव्हा कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, सांगतो की एवढे बाइट पाठव, तेव्हा कर्नल ते एका बफरमध्ये घेतो. बफरला मर्यादा असते. जागा कमी असेल तर कर्नल मावतील तेवढेच घेतो आणि किती घेतले तो आकडा परत देतो. सकाळच्या गाडीला फलाटावर सोळा जण उभे आहेत, अकरा चढले, गाडी सुटली. उरलेल्या पाचांना पुढच्या गाडीत चढवायची जबाबदारी फलाटावरच्या माणसाची. आमचा प्रोग्रॅम आकडा बघतच नव्हता. तो सोळाच्या सोळा चढले असं धरून पुढच्या सोळांना बोलवायचा.

एका रात्री मी प्रॉक्सीला एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलशी काय बोलतो ते दाखवणारा प्रोग्रॅम, लावला आणि माझीच दहावीची मार्कशीट स्कॅन करून चढवायला घेतली. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या. १६,३८४ द्यायचे, १६,३८४ गेले. पुन्हा तसंच. मग एक ओळ आली, द्यायचे १६,३८४, गेले ११,५८४. आणि लगेच पुढची ओळ, नवे १६,३८४. मधले ४,८०० बाइट कुठेच नव्हते. बंद पाकिटाच्या व्यवहारात एक बाइट हरवला तरी पलीकडे तपासणी चुकते आणि साइट संबंध तोडते. इथे ४,८०० हरवत होते. ब्राउझरवर मात्र फक्त "पुन्हा प्रयत्न करा" असं यायचं, आणि मुलं बिचारी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होती.

हा प्रोग्रॅम मी आधी ऑफिसमध्ये तपासला होता. तिथे लाइन इतकी वेगवान की बफर कधी भरलाच नाही, त्यामुळे आकडा कधी कमी आला नाही. वीस वर्षं हा बग त्या ओळीत होता. तो दिसायला आमच्या गावची लाइन लागली. या कामात मला पुढेही हेच अनुभवायला आलं. नव्या ठिकाणी, नव्या यंत्रावर प्रोग्रॅम मोडला की आपण त्या यंत्राला नावं ठेवतो. दोष बहुतेक वेळा आधीपासून आत असतो आणि नवं यंत्र तो दाखवून देतं.

माझी पहिली दुरुस्ती चुकीची होती, तीही सांगते. सगळे बाइट जाईपर्यंत मी तिथेच फेऱ्या मारायला लावल्या. मार्कशीट गेली, आणि ती जाईपर्यंत बाकी अकरा जणांचं सगळं थांबलं. प्रोग्रॅम एकटाच सगळ्यांची कामं आळीपाळीने करत होता. तो एका दारात अडकला की बाकीची दारं बंद. नीट दुरुस्तीला चाळीसेक ओळी लागल्या. प्रत्येक जोडणीसाठी न गेलेल्या बाइटांची वेगळी जागा ठेवली, पुढे वाट मोकळी झाल्याचं कर्नलकडून कळेल तेव्हाच ते द्यायचे, आणि ते जाईपर्यंत त्या मुलाच्या संगणकाकडून नवीन माल घ्यायचाच नाही. ही शेवटची अट विसरली तर प्रॉक्सीची मेमरी फुगत जाते. मग लाइन मुद्दाम ६४ केबिटवर आवळून रात्रभर एकच १० एमबीची फाइल पुन्हा पुन्हा पाठवली आणि दोन्ही टोकांना तिची बेरीज जुळते का ते तपासलं. सकाळी एकही चुकलेली नव्हती. सायबर कॅफेत गेलेल्या त्या मुलाला मी बोलावून सांगितलं की चूक आपल्याकडे होती.

माडीवर प्रॉक्सी ज्या जुन्या संगणकावर चालायचा त्याला वीज बरीच लागायची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते. उल्हास नदीकाठच्या माणसाला २६ जुलै २००५ चा पूर विसरता येत नाही, आणि २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती ती रात्रही. तेवढं मोठं काही झालं नाही तरी तास-दोन तास अंधार होतोच. यूपीएसवर संगणक दहा मिनिटं टिकायचा. मुलं इमर्जन्सी दिवा लावून अभ्यास करायची, फोन चालू असायचे, पण मधला प्रॉक्सी बंद म्हणून इंटरनेट बंद. पाच वॅटच्या आसपास वीज खाणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक त्याच यूपीएसवर कितीतरी वेळ टिकला असता. म्हणून मी तो आणला.

गावाच्या नावाची गोष्ट इथली मुलं लहानपणापासून ऐकतात. शिवकाळात सुरतेकडे जाणारे स्वार इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर, असं सांगतात. इतिहासकार काय म्हणतील ते म्हणोत, पोर्टेबिलिटी समजावून सांगताना मला हीच गोष्ट उपयोगी पडते. स्वार तोच, निरोपही तोच, घोडा दुसरा. ज्या स्वाराला फक्त आपल्याच घोड्याची सवय आहे, तो इथे अडकणार.

आमचा स्वार अडकला. पायवर प्रोग्रॅम कंपाइल झाला, एकही इशारा न देता. चालू केला तर काहीच नाही. एरर नाही, लॉग नाही, पोर्ट उघडलेलं नाही. प्रोसेसरवरचा भार दाखवणारं टॉप लावून पाहिलं तर एक कोर शंभर टक्के राबतोय. एसट्रेसमध्ये शेवटची ओळ होती सेटिंगची फाइल वाचल्याची, शून्य बाइट आले, म्हणजे फाइल संपली. त्यानंतर शांतता. जीडीबी या डीबगरने आत डोकावले आणि अक्षर ठेवायच्या व्हेरिएबलची किंमत छापून पाहिली. २५५.

तो आकडा पाहून मी खुर्चीत मागे टेकले. सी भाषेत एका बाइटच्या अक्षरासाठी 'कॅर' नावाचा प्रकार आहे. त्यात आठ बिट असतात हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या आठ बिटांचा अर्थ ० ते २५५ घ्यायचा की उणे १२८ ते १२७, हे भाषेच्या नियमाने ठरवलेलं नाही, ते कंपायलरवर सोडलंय. इंटेलवरच्या लिनक्समध्ये उणे चालतं. पायच्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये चालत नाही. फाइल संपली की वाचणारं फंक्शन उणे १ देतं. प्रोग्रॅम ते कॅरमध्ये ठेवायचा आणि उणे १ आहे का ते विचारायचा. इंटेलवर उत्तर "हो". पायवर तेच आठ बिट २५५ म्हणून वाचले जातात, २५५ कधीच उणे १ नसतो, म्हणून फाइल कधीच संपत नाही. ते फंक्शन इंट का देतं, कॅर का नाही, याचं कारण हेच आहे आणि ते पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. मीही वाचलं होतं.

रात्रीचे दोन वाजले होते. जीसीसी या कंपायलरला एक पर्याय देता येतो, कॅरला सगळीकडे उणे मान. मी तो दिला, पुन्हा बांधलं, प्रॉक्सी लगेच उठला. झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाक आली, "ताई, आपलं मराठी फुटलंय!"

बंद ठेवलेली, पण कुलूप नसलेली एखादी साइट उघडली की एक सूचना दिसावी म्हणून मी पान केलं होतं. जुन्या संगणकावर ते इंग्रजीत होतं. पायसाठी मी मुद्दाम मराठीत लिहिलं: ही साइट अभ्यासाच्या वेळेत बंद आहे, सहानंतर उघडेल. पडद्यावर मात्र काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हांच्या रांगा होत्या. मधे फक्त स्वल्पविराम आणि पूर्णविराम शाबूत.

मी तेच पान जुन्या इंटेल संगणकावर टाकून पाहिलं. तिथेही फुटलं. मग रात्रीचा तो पर्याय काढून पायवर वेगळा छोटा प्रोग्रॅम बांधला, फक्त पान छापण्याचा भाग घेऊन. मराठी स्वच्छ! म्हणजे पर्याय दिला तर प्रॉक्सी उठतो आणि मराठी फुटतं, पर्याय काढला तर मराठी नीट येतं आणि प्रॉक्सी उठत नाही. दोन उलट लक्षणं होती. मी दोन वेगळे बग शोधायला लागले आणि त्यात अख्खा दिवस गेला.

बग एकाच घरचे होते. पान छापताना प्रत्येक बाइट चालेल का नाही हे बघायला प्रोग्रॅममध्ये २५६ घरांचा एक तक्ता होता. बाइटचा आकडा घ्यायचा, त्या क्रमांकाच्या घरात बघायचं, तिथे शून्य असेल तर तो बाइट गाळायचा. इंग्रजी अक्षरांचे आकडे १२८ च्या आत असतात, त्यांना काही होत नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, आणि तिन्ही १२८ किंवा त्याहून मोठे. पहिला बाइट कायम २२४. कॅर उणे धरला की २२४ चा होतो उणे ३२. तक्त्याचं उणे बत्तिसावं घर म्हणजे तक्त्याच्या बाहेर, त्याच्या आधी मेमरीत जे काही पडलं असेल ते. तिथे शून्य निघालं आणि आपल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट गळला. उरलेल्या दोन बाइटांना एकटं काही अर्थ नसतो, म्हणून प्रश्नचिन्हं. ऑप्टिमायझेशन बंद करून बांधलं तर तक्त्याच्या शेजारचा माल बदलला आणि वेगळे बाइट गळायला लागले. त्या क्षणी मला पूर्ण उलगडा झाला.

दुरुस्ती दोन ठिकाणी. फाइल वाचताना कॅरच्या जागी इंट. तक्त्यात बघण्याआधी बाइटला बिनउणे करून घेणं. जीसीसीचा तो पर्याय काढून टाकला. तीन रात्री आणि एक दिवस घालवून दोन ओळी बदलल्या, आणि त्या दोन ओळींवर मी आजही खूश आहे. इंग्रजीत वापरणाऱ्याला तो दुसरा बग कधीच दिसला नसता. ज्याने लिहिला त्याच्या टेबलावर १२८ च्या वरचा बाइट बहुधा कधी आलाच नसावा. आमच्याकडे पहिल्याच वाक्यात आला.

मग मी मराठी घेऊन सगळा प्रोग्रॅम तपासायला घेतला. अजून काही साइट कुलपाविना चालतात, त्यांचा पूर्ण पत्ता प्रॉक्सीतून जातो. पत्त्यात देवनागरी असेल तर प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन आकडे असा लिहिला जातो. म्हणजे एका अक्षराला नऊ जागा. मात्रा आणि वेलांट्याही वेगळ्या मोजायच्या. इंग्रजीत बदलापूर लिहायला ८ जागा लागतात. देवनागरीत तेच नाव ७ खुणांचं, पत्त्यात ६३ जागांचं. पत्ता ठेवायला प्रोग्रॅममध्ये २५६ जागा राखलेल्या होत्या. अठ्ठावीस अक्षरांत संपल्या. मराठी बातमीचा मथळाही त्याहून लांब असतो. सुदैवाने लिहिणाऱ्याने मर्यादा पाळली होती, जादा भाग कापला जायचा, शेजारच्या मेमरीवर सांडत नव्हता. कापलेला पत्ता घेऊन मुलगी भलत्याच पानावर पोचायची एवढंच. ती जागा आता लागेल तशी वाढते.

कपाटात एक जुना राउटर पडला होता, मिप्स प्रोसेसरचा. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स घातलं आणि प्रॉक्सी तिथेही चालतो का पाहिलं. चालला, पण त्याच्या ३१२८ या पोर्टवर कोणीच उत्तर देईना. उघडी पोर्ट दाखवणाऱ्या नेटस्टॅटमध्ये तो १४३४८ वर बसलेला दिसला. कागदावर मांडल्यावर दोन मिनिटांत कळलं. ३१२८ हा आकडा दोन बाइटांचा, १२ आणि ५६. इंटेल आणि पाय लहान बाइट आधी ठेवतात, नेटवर्कला मोठा आधी लागतो, म्हणून आकडा देताना बाइटांची अदलाबदल करावी लागते. त्यासाठी तयार फंक्शन आहे, आणि यंत्र कोणत्या जातीचं आहे ते त्याला कळतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये कोणीतरी ती अदलाबदल हाताने लिहिली होती. हा राउटर मुळातच मोठा बाइट आधी ठेवणारा, त्याचीही अदलाबदल झाली आणि ५६ आधी, १२ नंतर असा १४३४८ तयार झाला. तयार फंक्शन घातलं, संपलं.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. एखाद्याने मधेच फोनचं वायफाय बंद केलं की बंद झालेल्या जोडणीवर लिहिल्याचा सिग्नल येऊन अख्खा प्रॉक्सी मरायचा. तो सिग्नल दुर्लक्षित करायची एक ओळ घातली, जी लिनक्स, बीएसडी, मॅक सगळीकडे चालते. जोडण्या १,०२४ च्या पुढे गेल्या तर त्यांच्यावर नजर ठेवणारं सिलेक्ट हे फंक्शन मेमरी बिघडवतं, तिथे पोल आणलं. नाव शोधायचं जुनं फंक्शन फक्त आयपीव्ही४ जाणायचं, आणि ४जी डोंगलवर आपल्याकडे आयपीव्ही६ सर्रास असतं. राउटरवरच्या छोट्या सी लायब्ररीत थ्रेडला स्टॅक फक्त १२८ केबीचा मिळतो, जिथे नेहमीच्या लिनक्सवर बहुधा ८ एमबी मिळतो. त्यामुळे एका मोठ्या बफरला तिथून हलवावं लागलं. आणि वेळ ३२ बिटांत ठेवली होती. ती १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपली असती. तेव्हा सोळा वर्षं पुढची गोष्ट म्हणून मी ती सोडणार होते. मग आठवलं की माडीवरचा पंखा तीस वर्षांपूर्वीचा आहे.

हे सगळे बदल मी मूळ प्रोग्रॅम सांभाळणाऱ्यांना एकाच गठ्ठ्यात पाठवले. त्यांचं उत्तर आलं की वेगवेगळे करून पाठवा, एका पॅचमध्ये एकच गोष्ट, आणि ती का केली ते लिहा. मला तेव्हा थोडं लागलं, इतकं काम करून दिलंय तर घ्या की. पण वेगळं करायला बसले तेव्हा अकरापैकी एक बदल निव्वळ चुकीचा निघाला. दुसऱ्या बदलाच्या आडोशाला तो चालल्यासारखा दिसत होता. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. प्रत्येक पॅचबरोबर मी कारण लिहिलं, लाइन किती वेगाची, यंत्र कोणतं, किती बाइट मागितले, किती गेले. दहा घेतले गेले.

अशा छोट्या प्रॉक्सींच्या मागे फार थोडी माणसं असतात, हे लोकांना ठाऊक नसतं. टायनीप्रॉक्सी हा असाच एक, जगभर वापरला जाणारा. विनंतीच्या एका हेडरमध्ये विशिष्ट शब्द घातला की मोकळी करून दिलेली मेमरी तो पुन्हा वापरायचा, बाहेरच्या माणसाला त्यातून आत शिरायची वाट मिळू शकत होती. सुरक्षा संशोधकांनी २०२३ च्या अखेरीस हा दोष शोधून कळवला, पण मेल जुन्या पत्त्यावर गेला. सांभाळणाऱ्याला मे २०२४ मध्ये माहिती जाहीर झाल्यावरच कळलं, आणि कळल्यावर त्याने काही दिवसांत दुरुस्ती दिली. १.११.२ आवृत्तीत ती आहे. कोणी टायनीप्रॉक्सी वापरत असेल तर आवृत्ती तपासून घ्या. मला त्या बातमीत पत्त्याची गोष्ट जास्त लागली. काही महिने तो दोष ठाऊक असलेली माणसं होती आणि तो दुरुस्त करू शकणारा माणूस होता, दोघांची गाठ पडली नाही.

आता पाय माडीवरच्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, पुराचं पाणी सहज पोचणार नाही अशा उंचीवर. सूचनेचं मराठी पान नीट दिसतं. मुली अपलोड करतात आणि त्याचा उल्लेखही करत नाहीत.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मराठी मुलामुलींना माझी एक विनंती आहे. चाचणीच्या यादीत स्वतःचं नाव देवनागरीत घाला, गावाचं नाव घाला, लाइन ६४ केबिटवर आवळून बघा. घरात जुना राउटर पडला असेल तर भंगारात देण्याआधी त्यावर आपला प्रोग्रॅम एकदा चालवून बघा. आणि जे प्रोग्रॅम नुसते वापरतात त्यांना सांगते, काही अडलं तर "चालत नाही" एवढ्यावर थांबू नका. काय गेलं आणि काय अडकलं, ते त्या मुलाने मला सांगितलं तसं सांगा.